मुरमदऱ्याचा कडा ओ देतो

तळ्याच्या पलीकडे तो काळा कडा दिसतो ना, त्याला आम्ही ओ देणारा कडा म्हणतो. तळ्याच्या अलीकडे, पिंपरणीखाली, दगडी पार आहे तो राखणीचा पार. शाळा साडेचारला सुटते. आया कांद्याच्या चाळीवरून आणि कोंबड्यांच्या शेडवरून येईपर्यंत सात वाजतात. मधल्या वेळात गावातलं पोर न् पोर या पारावर असतं. उनाड हिंडणारं, रस्त्यावर बसलेलं, टीव्हीपुढं झोपलेलं एकही सापडणार नाही. सापडलं तर मला येऊन सांगा, मी त्याच्या आईला बघते.

हे बघायला आता लांबून बाया येतात. बचत गटाच्या येतात, पंचायतीच्या येतात, वह्या घेऊन येतात. पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, मुलं किती?"

आकडा मी सांगत नाही. कागदावर आकडा लागतो तो ग्रामसेवक लिहितो, त्याचं त्याला लखलाभ. या पारावर पोरं मोजत नाहीत. शंभर वर्षांच्या वर झाली, कुणी मोजलेली नाहीत. नजर लागते म्हणून नव्हे, तसला समज करून घेऊ नका. का मोजत नाहीत ते प्रत्येकीला सांगून घसा बसला, म्हणून एकदा लिहूनच ठेवते.

हे तळं दुष्काळातलं आहे. माझ्या सासूच्या आजेसासूच्या वेळचं. तीन वर्षं आभाळ कोरडं गेलं आणि सरकारानं इथं खोदकाम काढलं, असे सांगतात. दहा गावांची माणसं आली. पुरुष खणायचे, बाया पाट्या वाहायच्या. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत. भैरोबाच्या देवळात एका पंतोजीनं शाळा धरली होती. आत मुलगे बसायचे, पोरी पायरीवर बसून ऐकायच्या. दुपार झाली की पंतोजी पुस्तक मिटायचा. म्हणायचा, "माझं काम सूर्य डोक्यावर येईपर्यंत. पुढं तुमची पोरं तुमची."

पुढं म्हणजे कुठं? आया तर खड्ड्यात. पोरं दुपारभर मोकाट. एकाचा पाय दगडाखाली मोडला. एक पोरगी मुरमाच्या ढिगात कमरेइतकी गाडली गेली, वेळेवर ओढली म्हणून वाचली. तेव्हा बायांनी आपसात ठरवलं, की आपल्यातली एक पारावर बसवायची आणि तिच्या वाटच्या पाट्या आपण सगळ्यांनी मिळून वाहायच्या. प्रत्येकीनं रोज एक पाटी जास्त. मुकादमाला विचारलं नाही. सांगितलं.

पारावर बसवली ती ठकूबाई. तिशीतली विधवा, हाडापेरानं रुंद, आवाज असा की खालच्या आळीत हाक मारली तर वरच्या आळीतलं कुत्रं उठायचं, म्हणे. बाई कामाची चोख. पोरं आली की आधी हातपाय धुवायचे. मग घराघरांतून आलेल्या भाकरीचे तुकडे एकाच टोपल्यात टाकायचे आणि सारखे वाटायचे. कुणाची भाकरी कुणाच्या पोटात गेली हे विचारायचं नाही. त्या काळात हे केलं तिनं, लक्षात घ्या. दोनचार घरांनी नाकं मुरडली. ठकू म्हणाली, "नाक मुरडायचं तर मुरडा, तुकडा तेवढा टोपल्यात टाका." खाल्ल्यावर धाकट्यांनी झोपायचं, थोरल्यांनी सकाळचा पाठ म्हणायचा. ऊन उतरलं की खेळ. आजही आम्ही यातलं काही बदललेलं नाही. भाकरीच्या जागी उसळ आली, एवढंच.

आणि ठकूजवळ एक दोरी होती. तिला चाळीस गाठी. चाळीस पोरं, चाळीस गाठी. दुपारी एकदा, मावळतीला एकदा, रांगेवरून नजर फिरवत ती गाठी मोजायची. डोकी आणि गाठी जुळल्या की दोरी कमरेला. मुकादम सगळ्यांना सांगायचा, "मोजमाप शिकायचं तर त्या ठकूकडनं शिका." ठकूला त्याचा अभिमान होता. असणारच.

चैत्राचे दिवस होते म्हणे. त्या दिवशी दुपारी खालच्या वाटेनं माणसांचा एक तांडा गेला. दुष्काळानं उठलेली माणसं, कुठली कुणाला ठाऊक. डोक्यावर बोचकी, पुढं चालणाऱ्याचं मागच्याकडं लक्ष नाही. पारावर भाकरी वाटायची वेळ होती. ठकूनं रांग मोजली. चाळीस. वाटलं, खाल्लं, झोपली, उठली, खेळली. मावळतीला रांग मोजली. चाळीस. आया आल्या, आपापलं पोर घेऊन गेल्या.

शेवटी आली येसू. तिची हौसा सहा वर्षांची. येसूला त्या दिवशी लांबच्या टोकाला लावलं होतं, म्हणून उशीर. पारावर एकच पोर उरलं होतं.

येसूनं त्या पोराकडं बघितलं आणि म्हणाली, "ही कोण?"

"कोण म्हंजे? तुझी."

"ही माझी न्हाय."

ठकूनं वर मान करून पहिल्यांदा नीट बघितलं. सातआठ वर्षांची पोरगी, केसांच्या जटा, अंगावर फाटका झगा. दुपारी हिला तिनं आपल्या हातानं भाकरी दिली होती. हात बघितला होता. तोंड बघितलं नव्हतं.

तरी बाई काय म्हणाली? माणूस चुकतं तेव्हा आधी चुकीलाच मिठी मारतं. म्हणाली, "येसू, दोन येळा मोजली गं मी. बघ, गाठी बघ. चाळीस भरली."

येसू म्हणाली, "मला चाळीस नकोत. मला हौसा पायजे."

हे वाक्य आमच्या गावात पोरीबाळींना तोंडपाठ आहे. पुढं राखण करायला बसणाऱ्या प्रत्येक बाईला ते आधी म्हणायला लावतात.

मग शाळेतल्या पोरींकडून उलगडा झाला. हौसा शाळेच्या पायरीवरून उठली ती पाराकडं आलीच नव्हती. धावड्याचा डिंक खायला ती कड्याच्या अंगाला गेली होती. दुष्काळातली पोरं, डिंकावर जगायची. आणि तिची जागा रांगेत रिकामी राहिली असती तर दुपारीच कळलं असतं. पण तांड्यातली ही उपाशी पोरगी भाकरीच्या वासानं येऊन नेमकी त्या जागी बसली होती.

माणसं धावली. ओढा बघितला, विहीर बघितली, कपारी बघितल्या. लांडग्याचे माग दिसले तेव्हा पुरुष माघारी वळले. बाया ठकूकडं वळल्या. ठकूला घेरून म्हणाल्या, "तुझ्या वाटच्या पाट्या वाहून आमच्या माना मोडल्या, आन् तू दोऱ्या मोजत बसलीस?"

तेवढ्यात मुकादम आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एक गेली, एक आली. बेरीज तर जमली."

असे सांगतात, की ठकूनं कमरेची दोरी सोडली आणि त्याच्या तोंडावर मारली. चाळीस गाठींची दोरी. मुकादमाच्या गालावरचा वळ तळं पुरं होईपर्यंत होता म्हणे. तेवढं खरं नसेल. पण मला आवडतं.

मग ठकू पारावर उभी राहिली आणि म्हणाली, "हौसानं ओ देईस्तोवर मी हितनं उतरणार न्हाय. अन्न न्हाय, पाणी न्हाय." आणि तोंड कड्याकडं करून तिनं हाक मारली, "हौसाऽऽ!"

तेव्हा हा कडा मुका होता. त्याला मुका कडाच म्हणायचे. खणणाऱ्यांच्या पहारी वाजायच्या, सुरुंग उडायचे, पण तिकडून कधी आवाज परत आला नव्हता.

ठकू हाक मारत राहिली. दुसऱ्या दिवशीही, उन्हात. पोरांना सांभाळायला बायांनी दुसरी नेमली, ठकूकडं कुणी बघेना. बघायची ती एकटी ती परकी पोरगी. तिचा तांडा पुढं निघून गेला होता. कुणी म्हणतं चुकली, कुणी म्हणतं मुद्दाम सोडली. दुष्काळ होता, मी त्यांना नावं ठेवत नाही. पोरगी ठकूच्या पायाशी बसून राहिली. कुणी तिला हाकललं नाही, आणि कुणी काही विचारलंही नाही.

तिसऱ्या दिवशी येसूच पाराशी आली. म्हणाली, "उतर आता, ठके. गेली ती."

ठकू म्हणाली, "माझ्याकडनं गेलीया. तू म्हणतीस म्हणून मी कशी सोडू?"

त्या दिवशी उतरत्या उन्हात ठकूचा आवाज बसला. तोंड उघडायची, नुसती हवा यायची. तेव्हा ती परकी पोरगी पायाजवळून उठली, पारावर चढली आणि ठकूसारखाच हात तोंडाशी धरून तिनं हाक मारली, "हौसाऽऽ!" बारीक आवाज, सुईसारखा.

आणि कड्यातून आलं, "ओ."

सगळ्या पाट्या जागच्या जागी थांबल्या.

पोरीनं पुन्हा हाक मारली. कडा पुन्हा म्हणाला, "ओ." माणसं आवाजाच्या रोखानं धावली आणि कड्याच्या पोटात एका चिंचोळ्या कपारीत हौसा सापडली. पाय दगडात अडकलेला. कपारीत पाणी झिरपत होतं ते चाटत होती, ओच्यात डिंक होता तो चघळत होती. ती म्हणाली, मी तर तीन दिवस ओ देतेय. पण कपारीचं तोंड असं की आवाज बाहेर पडत नव्हता. तिसऱ्या दिवशी कड्यालाच लाज वाटली आणि त्यानं तिची ओ पुढं पोचवली, असे आमच्याकडे सांगतात. शिकलेली माणसं म्हणतात, कातळावर आवाज आपटतो आणि परत येतो. असेल. कातळ तर आधीही होताच की.

हौसाला पारावर आणलं. येसूच्या कडेवरून तिनं खाली बघितलं आणि विचारलं, "आये, ही कोण?"

तीन दिवस झाले होते. त्या पोरीनं पारावरची भाकरी खाल्ली होती, पारावर झोपली होती, हाक मारून दुसऱ्याचं पोर मिळवून दिलं होतं. तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

ठकू तिच्यापुढं खाली बसली. आवाज नव्हताच. ओठ हलवून विचारलं, "तुझं नाव काय गं?"

"भिवरा."

ठकूनं मग पाणी घेतलं. दोन घोट. आणि त्या फाटक्या आवाजात, पुढ्यात बसलेल्या पोरीला, लांब गेलेल्याला मारावी तशी हाक मारली, "भिवरा."

पोरगी म्हणाली, "ओ." पलीकडून कडाही म्हणाला.

ठकू त्या पारावर दगड होऊन राहिली, असं सांगणारे आहेत. पाराच्या कोपऱ्यातला शेंदूर लावलेला दगड दाखवतात. खोटं आहे. दगड होऊन पोरं सांभाळता येत नाहीत. ठकू पुढं वीस वर्षं राखण करत होती आणि तिच्यानंतर भिवरा बसली. ठकूनं दोरी पुन्हा हातात घेतली नाही. त्या दिवसापासून मुरमदऱ्यात भाकरी वाढणारीनं तोंड बघून, नाव घेऊन वाढायचं. राखणीला बाया कायम दोन. एकीनं वाढावं, दुसरीनं रांगेकडं बघावं. एक आजारी पडली तर तिसरी ठरलेली असते, आयत्या वेळी शोधत नाही. आणि मावळतीला न्यायला येणाऱ्यानं पोराला नावानं हाक मारायची. पोरानं ओ दिली की पोर त्याचं. नाही दिली तर आईबापाला निरोप जातो, आणि तोवर पोर पारावर.

यात लहानमोठं कुणी नाही. गेल्या वर्षी सरपंचांची गाडी आली. डायवर म्हणाला, "मावशी, नातवाला सोडा, सायबांनी गाडी पाठवलीय."

मी म्हटलं, "गाडीला पोर देत न्हाय."

मग सरपंच स्वतः आले. रागानं पाराशी उभे राहिले आणि ओरडले, "पिंट्या!" पोरगं गप्प. "ए पिंट्या, ऐकू येत न्हाय व्हय?" पोरगं बघतंय आजोबाकडं, पण गप्प. पाराच्या वहीतलं नाव रुद्रांश. आजोबाला ते म्हणता येईना. रुद्रा म्हणाले, रुदास म्हणाले, सगळा पार हसायला लागला. शेवटी शेजारच्या पोरीनं कानात सांगितलं, तेव्हा एकदाचं जमलं. नातवानं ओ दिली ती अशी दणक्यात दिली की कडा दोनदा बोलला. सरपंच जाताना म्हणाले, "लई शिस्त हाय बाई तुमची." म्हटलं, "माझी न्हाय, ठकूची."

आजही दिवस मावळताना, आया यायच्या आधी, आम्ही दोघी पारावर उभ्या राहतो. एकेक नाव घेतो, एकेक ओ येते, मागून कड्याची येते. सगळी नावं संपली की एक हाक उरते. ती कुठल्याच वहीत नाही. कड्याकडं तोंड करून विचारायचं, "कुणाचं नाव राह्यलंय का गंऽऽ?" आणि थांबायचं. दहा श्वास. पोरंसुद्धा तेवढा वेळ हूं का चूं करत नाहीत.

बहुतेक दिवशी कुणी राहिलेलं नसतं. या उन्हाळ्यात मात्र रस्त्याच्या कामावरची माणसं आली होती, पार तिकडं तेलंगणातली. सहाव्या श्वासाला पिंपरणीच्या मागून एक पोरगा पुढं आला. चारएक वर्षांचा, हातात आमच्यातलीच उसळीची वाटी. म्हणजे मी वाढली असणार. वाढताना मी त्याचं तोंड बघितलं नव्हतं. एवढी वर्षं करून, हे सगळं तोंडपाठ असून.

मी खाली बसले. नाव विचारलं. त्यानं सांगितलं. मला ते म्हणता येईना. चार वेळा त्याच्याकडून म्हणून घेतलं. सोबतची म्हणाली, "जमंल तसं म्हणा की, वैनी, लेकराला काय कळतंय." पण तसं चालत नाही. मी चुकीचं म्हटलं तर कडाही चुकीचंच म्हणतो. पाचव्या वेळी जीभ वळली, तेव्हा उभी राहिले आणि हाक मारली.

पोरानं आधी माझ्याकडं बघितलं, मग कड्याकडं. मग ओ दिली.

म्हणून पोरं किती ते विचारू नका. मावळेपर्यंत थांबा आणि नावं ऐका.