पिसाचे बूड

पूर्वी शालवती नगरात दृढसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मोरपिसांचा व्यापार करणाऱ्या घरात जन्मला. त्याच्याकडच्या मोरचेली, म्हणजे मोरपिसांच्या चवऱ्या, देवळांत आणि दरबारांत ढाळल्या जात. पावसाळा सरता सरता मोर आपण होऊन पिसे टाकतात. रानाकाठची माणसे ती वेचून आणीत आणि बदल्यात धान्य नेत. बोधिसत्त्व प्रत्येक पिसाचे बूड निरखून पाही. गळलेल्या पिसाचे बूड कोरडे, पांढरे असते. उपटलेल्याचे ओले, लाल. लाल बुडाचे पीस त्याच्या दुकानाचा उंबरा कधी ओलांडीत नसे.

एकदा आषाढात राजाचा निरोप आला. महिन्याभरात युवराजाला अभिषेक होता आणि शंभर मोरचेली हव्या होत्या. देईल तो राजघराण्याचा व्यापारी, नाही म्हणेल त्याच्या दुकानाला टाळे!

बोधिसत्त्वाचा मेहुणा सोमिल धंद्यात त्याचा भागीदार होता. तो म्हणाला, "दाजी, लक्ष्मी घर चालून आलीय. आता तोंड धुवायला जाऊ नका."

"सोमिला, साठवलेली पिसे सरली, आणि मोर आत्ता पिसारा फुलवून लांडोरीपुढे नाचताहेत. आत्ता पिसे हवीत तर त्यांचा जीव घ्यावा लागेल. ते माझ्याने होणार नाही."

राजालाही त्याने हेच सांगितले. दुकानाला टाळे लागले, घरात रडारड झाली. बोधिसत्त्वालाही फार वाईट वाटले, पण त्याने शब्द फिरवला नाही.

काम सोमिलाने घेतले. त्याने पारधी लावले आणि आठ दिवसांत रान मुके झाले. भर पावसात पिसे वाळवायला ऊन कुठले? त्याने ओलीच बुडे चांदीच्या मुठींत ठासली आणि वरून लाख ओतली.

अभिषेकाला मोरचेल ढाळू लागताच लाख तडकली, आणि मुंग्यांची रांग थेट युवराजाच्या मानेवर उतरली. राजाने मूठ उघडवली. आत कुजलेली कातडी होती.

"तोडा या सोमिलाचे हात!" राजा कडाडला.

गर्दीतून बोधिसत्त्व पुढे आला. "महाराज, हे हात मला द्या. त्यांनी पिसे उपटली, आता त्यांना वेचू द्या."

राजाची मान खाली गेली. "घाई तर माझीच होती," तो म्हणाला. त्याने सोमिलाला सोडले, मोरांना अभय दिले आणि दुकान उघडवले.

आश्विनात सोमिल रानात गेला. जिथे पूर्वी टोपल्या भरत, तिथे दिवसभर फिरून त्याला एकच पीस मिळाले. ते घेऊन तो दारात उभा राहिला. "दाजी, बूड पाहा," एवढेच बोलला आणि रडू लागला.

बोधिसत्त्वाने बूड पाहिले. "पांढरे आहे," तो म्हणाला. "उद्यापासून दोघे मिळून रानात दाणे टाकायला जाऊ."

ही कथा भिक्खूंना सांगून शास्ते भगवान म्हणाले, "तेव्हाचा दृढसेन म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. सोमिल म्हणजे काल कुटी शाकारण्यासाठी घरट्यासकट फांदी तोडणारा हा भिक्खू. तो व्यापारी मी होतो. दुसरा प्राणी त्याचे काही आपण होऊन देईल तोवर थांबणे, ही करुणा."

"आणि ते मोर आज कोण?" त्या भिक्खूने विचारले.

शास्त्यांनी त्याच्या कुटीवरच्या ताज्या फांदीकडे पाहिले. भिक्खू उठला आणि घरटे शोधायला गेला.