चार बोटं झुकलेली नळी

“अजून किती महिने नुसती नळीच पुसायची, उस्ताद?”

बंदुका दुरुस्त करणारे शमशुद्दीन उस्ताद चष्मा पुसत राहिले.

धैर्यशीलचं डोकं सटकलं. कॉलेज सोडलं, बापाशी उभं भांडण केलं, ते या म्हाताऱ्याच्या हाताखाली काम शिकायला. आणि म्हाताऱ्याने सात महिने हातात दिलं काय, तर तेलाचं फडकं! तरण्या पोरांना ताटकळत ठेवलं की या लोकांना आपण थोर झाल्यासारखं वाटतं.

“आज मला मारायला द्या. नेम लागला, तर उद्यापासून दुरुस्तीला बसवा. नाही लागला, तर मी चाललो.”

“बरं.”

नेमबाजी क्लबच्या मैदानावर उस्तादांनी जुनी रायफल काढली. चारशे चार बोअरची, शिकारीच्या जमान्यातली, खांदा सोलून काढणारी. पाठ फिरवून त्यांनी काडतूस भरलं, काडतूस नळीत बसवणारा बोल्ट ढकलला आणि ती त्याच्या हाती दिली.

बार झाला... मैदान हादरलं. गोळी निशाणाच्या पुठ्ठ्याच्या खाली, मातीत.

“पहिला धरू नका,” धैर्यशील खांदा चोळत म्हणाला.

उस्तादांनी परत पाठ फिरवली. बोल्टचा आवाज. रायफल परत हातात.

त्याने दम धरला. चाप ओढला.

खट्.

“गोळीच नव्हती! चेष्टा करता काय?”

“गोळी नव्हती, धक्का नव्हता. तरी धक्क्याच्या धास्तीनेच नळी झुकली.”

“माझी? अजिबात नाही.”

“चार बोटं.”

“मग तुम्ही मारा. मी भरून देतो.”

त्याने पाठ फिरवली आणि नुसताच बोल्ट मागेपुढे केला. कुणाच्याही हातून आलेली बंदूक उघडून पाहिल्याशिवाय उस्ताद एरवी धरायचे नाहीत. आज तशीच खांद्याला लावली.

खट्.

नळी झुकली. बोटभरच, पण झुकली.

“झुकली! उस्ताद, तुमचीसुद्धा झुकली!” धैर्यशील नाचायचाच काय तो बाकी राहिला.

“हो.”

“इतकी वर्षं बंदुका चालवून?”

“बेचाळीस.”

त्याचं हसू अर्ध्यावरच अडकलं... आपण जिंकलो की फसलो, त्याला कळेना. बेचाळीस वर्षांनीही हे जात नसेल, तर राहायचं कशाला? आणि हा माणूस काहीच लपवत का नाही?

“मग तुम्ही मला शिकवणार तरी काय?”

उस्तादांनी बोल्ट उघडला. रिकाम्या नळीतून पलीकडचा उजेड पाहिला...

“माझी झुकताना मी पाहिली. तुझी कुणी पाहिली?”