राईतलं चिकट गवत

मी सांगते त्यातलं एक अक्षर तरी खरं मानून दाखव, बघू! नाहीच मानायचास तू.

"काढल्यास ना काटक्या राईतून? बोल!" दामाजीनं माझी मोळी लखूबाबांच्या झोपडीपुढं आपटली.

म्हातारे लखूबाबा आमच्या देवराईचे राखणदार. हा दामाजी त्यांचा चेला. राईतलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही, ही गावाची रीत. बारा वर्षांत आपण ती मोडली नाही म्हणून ह्याची मान ताठ.

"काढल्या," मी म्हणाले. "बहीण बाळंत झालीय. चार दिवसांच्या झडीत बाहेरची लाकडं भिजली. ढोलीत वाळक्या होत्या, घेतल्या."

"बाबा, आजपासून हिला गावात कुणी विस्तव देऊ नये!"

 दोन दिवसांचं पोर, आणि चूल थंड…

 बाबा वाकले न् दामाजीच्या कफनीचा घोळ हातात घेतला.

गुडघ्यापर्यंत गवताचं बी! काकवीसारखं चिकट. दाट सावलीत भुईलगत सरपटतं ते गवत, पेरापेराला मूळ धरतं. हा मागं लागला तेव्हा मी मुद्दाम त्यातूनच पळाले होते. माझ्या पोटऱ्या ओढ्यात धुऊन निघाल्या. त्याची कफनी कशी निघायची?

"हे कुठलं, दामा?"

"…राईतलं."

"परत ठेवून ये."

झड संपून आजच ऊन पडलं होतं; तो अंगणातच झटकायला लागला.

"उन्हात नको. करपतं ते. होतं तिथं, सावलीत."

गेला. एकेक बी वेचून ठेवलं. परत आला, तर कफनी तशीच भरलेली.

पुन्हा गेला. पुन्हा आला… तशीच.

तिसऱ्यांदा आला तो मान खाली घालून. मला इतका वेळ हसू येत होतं, ते गेलं कुठं कोण जाणे.

"बाबा, ठेवतो तेवढंच घेऊन येतो. मलाही विस्तव बंद करा."

बाबांनी माझी मोळी उचलली न् त्याच्या डोक्यावर ठेवली.

"हिच्या घरी पोचव. पोर गारठलं असेल."

"आणि… हे बी?"

"राई कुणाबरोबर काय धाडते, ते विचारणारे आपण कोण?"

झालं. ऊठ, नीघ आता! आणि राईतून येताना विजारीला चिकटलंय ते बी माझ्या दारात झटकू नकोस.