राजाचं अर्धं वाक्य

फार मागे कदंबपुरात अरिंजय राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तळ्याकाठच्या देवळात पुजारी होता. अडल्यानडल्याला कौल लावून द्यायचा, हे त्याचं काम. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. हरवलेली गाय, मुलीचं लग्न, असल्या गोष्टींत कोणाचं फारसं बिघडत नसे, म्हणून कौल खरा की खोटा, याबद्दल त्यानेही कधी तोंड उघडलं नाही. चुकलंच त्याचं.

त्या वर्षी तळ्याचा बांध तिसऱ्यांदा फुटला. कच्च्या मातीचा बांध, फुटणारच. पण लोकांनी खापर फोडलं राखणदार वप्पकावर. तो पायताण घालून देवळात शिरला म्हणे, म्हणून देव कोपला. त्याला जिवंत बांधात पुरायचं का, हे विचारायला राजा स्वतः आला. आपला देव असलं काही सांगणार नाही, या भरवशावर बोधिसत्त्वाने कौल लावला. उजवं फूल पडलं.

"झालं. न्या त्याला," राजा म्हणाला.

बोधिसत्त्व दारात आडवा उभा राहिला. "महाराज, निरपराध माणसाला मारू नये, हे मला पक्कं ठाऊक आहे. पडलेलं फूल देवाचा शब्द आहे, हे तितकं पक्कं ठाऊक नाही. दोन्हींतलं एक सोडायचं तर मी फूल सोडेन."

"पुजारी असून देवाला खोटं पाडतोस?"

"देव चांगला आहे असं आपण म्हणतो, ते चांगलं काय हे आपल्याला कळतं म्हणूनच ना? खून करायला सांगणाऱ्याला देव कसं म्हणू?"

राजा संतापला. "मग त्याच्याऐवजी तुला पुरू का? लाव तसा कौल."

"मला पुरा, पण कौल लावणार नाही. आज डाव्या फुलाने मी सुटेन, उद्या उजव्याने दुसरा कोणी मरेल. पुरायचं तर 'मी पुरतो' असं म्हणून पुरा, महाराज. देवाचं नाव मध्ये घालू नका."

"मी..." राजा म्हणाला आणि अडला. आजवर त्याच्या हुकमाने माणसं मेली होती, पण दर वेळी पुढे नाव दुसऱ्याचं असे, कधी शास्त्राचं, कधी वाडवडिलांचं. आज कोणीच नव्हतं. समोर वप्पक हात बांधलेला उभा होता. राजाला मनातून लाज वाटली. ते वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. त्याने वप्पकाच्या हातांची दोरी सोडली आणि बांधासाठी दगड आणवले.

ही कथा सांगून शास्ता, भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, 'गुरूंनी सांगितलं' एवढंच कारण देणारा हा भिक्षू सुमंत त्या जन्मी राजा होता. त्याच्या शेजारचा कोलक म्हणजे वप्पक, आणि पुजारी मी. तेव्हा मी जिला धरून राहिलो ती प्रज्ञापारमिता, म्हणजे विवेकाची परिपूर्णता. म्हणून सुमंता, मी सांगितलेलंही आधी तपासून घे."