पालथ्या मडक्याची परात

वाडीच्या पूर्वेला माळावर ही जी एकटीच गोल टेकडी दिसते, तिला पालथ्या मडक्याची टेकडी म्हणतात. वर देऊळ नाही, झेंडा नाही. चैत्रात भावकी जमते तेव्हा पायथ्याशी मोठी परात मांडतात, तिच्या मधोमध एक मडकं पालथं घालतात आणि खाऊ त्याच्याभोवती नि त्याच्यावर रचतात. बाहेरचे लोक याला काटकसर म्हणतात, कुणी कद्रूपणाही म्हणतं. तुम्हीही मघाशी हसलात, म्हणून हकिगत ऐकूनच जा.

पूर्वी या मेळ्याचा मान दरवर्षी एकेका घराकडे फिरत असे. परात त्या घराने एकट्याने भरायची. दुसऱ्या कुणी खायला आणलं तर तो यजमानाचा अपमान. परातीवर ज्याचा हात तो भावकीतला; ज्याचा हात काढला त्याच्याशी ना सोयरीक, ना त्याच्या मयताला खांदा. असला नियम कुणी केला ते कुणी सांगत नाही. ज्यांची कणगी कधी रिकामी झाली नाही, त्यांनीच केला असणार.

दोन पावसाळे कोरडे गेले त्या साली मान चांगुणेकडे आला, असे सांगतात. नवरा वारलेला, पदरात लग्नाच्या दोन मुली. घरात उरले होते तीन शेर हुलगे. तिने ते हळद-मिठाच्या पाण्यात भिजवले, उन्हात सुकवले, तापल्या वाळूत खरपूस भाजले. परातीत ओतले तर तळही झाकेना. मग तिने मडकं पालथं घातलं, त्याच्यावर काकवीचा हात फिरवला आणि हुलगे असे थापले की लांबून परात शिगोशीग भरल्यासारखी दिसावी.

भावकी बसली. सातव्या-आठव्या मुठीलाच मडक्याचं बूड उघडं पडलं.

चांगुणेने दोन्ही मुलींना मागे ओढून घेतलं. भावकीचा कारभारी बयाजी उठला आणि म्हणाला, "भावकीला फसवलंस. आजपासनं परातीवर तुझा हात न्हाई."

सगळ्यांत म्हातारी ठकूआत्या मात्र हुलगे चघळत बसली होती. ती म्हणाली, "भाजलेत झ्याक. बयाजी, तुझ्या कमरेला काय रं बांधलंय?"

बयाजीचा हात धोतराच्या गाठीवर गेला. गाठीत फुटाणे आणि गुळाचा खडा होता. चांगुणेकडे पोट भरणार नाही हे प्रत्येकालाच ठाऊक होतं. म्हणून प्रत्येकाने काही ना काही लपवून आणलं होतं, परतताना ओढ्यात बसून एकट्याने खायला.

"हिनं नसलेलं झाकलं," आत्या म्हणाली, "आन् आपण असलेलं. हात कुनाचा काढायचा ते आता तूच सांग."

बयाजीने गाठ सोडली आणि फुटाणे मडक्यावर ओतले. मागोमाग कुणाच्या ज्वारीच्या लाह्या आल्या, कुणाचे शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचा तुकडा, वाळल्या बोरांची मूठ. मडकं दिसेनासं झालं. कुणी तुम्हाला सांगेल की देवीने अन्न वाढवलं. तसं मानून त्या माणसांचं श्रेय काढून घेऊ नका. देवीला तिथे काही करावं लागलं नाही. लोकांनी फक्त गाठी सोडल्या.

पांगताना ते मडकं इथेच पालथं ठेवलं आणि प्रत्येक घराने त्याच्यावर मूठभर माती टाकली. पुढे दर मेळ्याला टाकत गेले. त्याचीच ही टेकडी झाली, म्हणे. मातीची मूठ एवढी वाढते का, यावर एरवी मी कुणाशीही भांडलो असतो. इथे भांडत नाही.

आजही यजमानाच्या दारात दोन ट्रॅक्टर असले तरी तो परातीत फक्त भाजलेले हुलगे घालतो आणि मडकं उघडंच ठेवतो. बाकीचे आपापल्या गाठी सोडतात. शहरातून येणारे चिवडा आणतात, चकल्या आणतात. ज्याच्याकडे काही नाही तो मूठभर चुरमुरे. मडकं पुरतं झाकलं की यजमानीण हात जोडते आणि त्या दिवशी चांगुणा म्हणाली होती तेच म्हणते, "झाकलंत माझं."

आणि बसलेली सगळी भावकी एका आवाजात म्हणते, "आमचंबी."