पाणबुड्याचा पितळी टोप

"हा पोशाख नकली आहे," एवढे चार शब्द उस्मान कल्हईवाला टोप घासताना पुटपुटला आणि नेमके ते खारेपूरच्या महाराजांच्या कानी पडले.

महाराज खवळले. महायुद्धात आरमाराच्या पाणबुड्याने वापरलेला म्हणून त्यांनी तो कालच जुन्या वस्तूंचे व्यापारी धरणेशेट यांच्याकडून घेतला होता. पितळी टोप, त्याला काचेची खिडकी आणि हवेची नळी, खाली रबरी झगा. खरेखोटे पारखायला तज्ज्ञ म्हणून महाराजांनी स्वतःलाच नेमले होते, त्यामुळे वादाचा प्रश्नच नव्हता.

"सिद्ध कर," ते कडाडले. "पण टोप फोडायचा नाही, पाण्यात बुडवायचा नाही. शेटजी स्वतः कबूल झाले तरच आम्ही मानू. नाहीतर उद्याच संस्थानातून बिऱ्हाड हलव!"

शेजारीच बसलेले शेटजी मिशीतल्या मिशीत हसले. आपलाच माल खोटा म्हणणारा व्यापारी अजून जन्मायचा होता. उस्मान घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची बायको जैतून मात्र भाता शोधायला उठली. टोपाची नळी चिंचेने साफ करताना आत तार तिनेच फिरवली होती, आणि ती मध्येच अडली होती.

सकाळी ती उस्मानसह कल्हईचा भाता घेऊन दरबारात हजर झाली.

"सरकार, शेटजींनी पोशाख एकदा घालून दाखवावा. पाणबुड्या कसा दिसतो ते आम्हालाही कळेल."

शेटजी फुगले. झगा चढला, टोप बसला, खिडकी घट्ट बंद झाली. जैतूनने भात्याचे तोंड नळीला लावले.

"बोटीवरून अशीच हवा सोडतात म्हणे," ती म्हणाली आणि जोरात भाता मारू लागली.

वारा दरबारभर सुटला, कारकुनांचे कागद उडाले. टोपात तेवढा शिरेना. काचेवर वाफ धरली. शेटजी हात झाडू लागले, मग दोन्ही मुठींनी टोप बडवू लागले. जैतूनने खिडकी उघडली.

"हवा येत नाही!"

"कशी येत नाही? यात माणूस दोन तास समुद्राच्या तळाशी होता म्हणालात ना? थांबा, खिडकी परत लावते."

"नको, नको! नळीला आत भोकच नाही. शोभेचा टोप आहे हा, बाई!"

महाराजांचा चेहरा उतरला.

"म्हणजे आमची पारख चुकली?"

उस्मानने डोळे मिटून घेतले.

"चुकेल कशी, सरकार?" जैतून म्हणाली. "पितळ अस्सल आहे. पाणबुड्या तेवढा खोटा निघाला."

महाराज पगडी सावरत खदाखदा हसले. राजवाड्यातली सगळी भांडी त्यांनी कल्हईसाठी उस्मानला कायमची लावून दिली, आणि पहिले आठ दिवस भाता मारायला धरणेशेटांना बसवले.