निंबळगावचं रक्त

"रक्त कुणाचं नासकं आहे, एवढंच सांगा महाराज. तिचं की माझं?"

मठाच्या ओट्यावर महाराज भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी वर पाहिलंही नाही.

"चपला."

रेवणने चपला पायानेच भिरकावल्या. पंचक्रोशीतला मोठा बागायतदार. मठाच्या सप्ताहाला दरवर्षी गव्हाची पोती त्याच्याकडूनच येत, त्यामुळे इथे आपला आवाज चढला तरी खपतो अशी त्याची समजूत होती.

ओट्याखाली त्याची जीप उभी होती. मागे बायको, प्रयाग. तिच्या मांडीवर तीन वर्षांचा मल्लू. टपावर तिची लोखंडी पेटी. पुढच्या सीटवर रेवणची आई, सोजरबाई, पदर कपाळापर्यंत ओढून बसली होती.

"हिला निंबळगावला सोडायला चाललोय. माहेरी. पोरासकट. लातूरची एक मुलगी बघून ठेवलीय. तुम्ही तेवढा अंगारा द्या, म्हणजे गाव तोंड उघडणार नाही."

"पोराला काय झालंय?"

"ठार बहिरा आहे. जन्मल्यापासून. कानाशी ताट आपटलं तरी मान वळवत नाही."

"डॉक्टर काय म्हणाला?"

रेवण हसला. ते हसणं असं होतं, की ऐकणाऱ्याला एक कानाखाली ठेवून द्यावीशी वाटावी.

"म्हणे, माणसात प्रत्येक गोष्टीची दोन बीजं असतात. एक आईकडचं, एक बापाकडचं. त्यातलं एक जरी धड असलं तरी माणसाचं भागतं, ऐकू येतं. पोराला दोन्ही बिघडलेली मिळाली. एक तिनं दिलं... आणि एक मी! मी? मला रानात पाखरू उडालं तरी ऐकू येतं, महाराज!"

महाराजांनी एक शेंग फोडली आणि त्याच्यासमोर धरली. आत एक दाणा टपोरा, दुसरा सुरकुतून काळा पडलेला.

"टरफलावरून कळलं असतं का?"

"शेंगेचं राहू द्या. आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी बहिरा नाही. तिच्या घरात आहे! तिच्या आज्याचा सख्खा भाऊ, बहिरा-मुका नागू. जन्मभर ढोरं राखली त्यानं. फसवलं आम्हाला..."

"फसवलं?" महाराजांचा हात थांबला. "सोयरीक कुणी जमवली?"

"आईनं."

"कशी?"

"कशी म्हणजे? मामाची पोरगी. भाच्याचा हक्कच असतो तिच्यावर. घरातलं घरात राहतं, परकं कुणी येत नाही..."

तो थांबला. पण थांबून विचार करणाऱ्यातला तो नव्हता.

"म्हणून काय नासकं रक्त पदरात घ्यायचं?"

महाराज उठले. मांडीवरची टरफलं ओटाभर सांडली. इतक्या वर्षांत त्यांना ओरडताना कुणी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ते खाली जीपपर्यंत ऐकू गेलं.

"तिचा आजा तुझा कोण रे?"

रेवणने पायापाशी आलेली टरफलं बाजूला सारली.

"तोंडानं बोल!"

"आईचे... आईचे वडील."

जीपचं दार उघडलं. सोजरबाई खाली उतरली.

"नागूकाका माझा चुलता," ती म्हणाली. "मला खांद्यावर बसवून जत्रंला न्यायचा. सगळं ठाऊक होतं मला... पर आता लेकाच्या तोंडावर कसं सांगू, की ही खोट माझ्याबी अंगातून आली असंल?"

"गप बस आई!" रेवण ओरडला. "तुझा काय संबंध? तू आमच्या घरची!"

एवढ्या आरडाओरडीत मल्लू मात्र गाढ झोपला होता. प्रयागने त्याच्या तोंडावर पदर धरला होता. ती मान न वळवता म्हणाली,

"चला की लवकर. लेकराला ऊन लागायलंय."

महाराज पायऱ्या उतरून जीपपाशी आले. पुढच्या सीटवरची सोजरबाईची पिशवी त्यांनी उचलली आणि टपावर, प्रयागच्या पेटीशेजारी ठेवली. मग मागचं दार उघडून धरलं.

"बस माय. सुनेशेजारी बस."

सोजरबाई निमूट आत बसली. तिने मल्लूचे पाय आपल्या मांडीवर घेतले.

"हे काय चाललंय, महाराज?"

"निंबळगावची आणखी एक. हिलाही सोडून ये."

"माझी आई आहे ती!"

"म्हणून तर."

रेवण एकदा जीपकडे पाहत होता, एकदा महाराजांकडे.

महाराजांनी दार धाडकन लावलं.

"तिथं गेल्यावर तुझ्यात निंबळगावचं जे काही आहे, तेही उतरवून ठेव. मग मागं जे उरेल, त्याचं लग्न मी स्वतः लावून देतो."